चौथ्या तुकड्याचं वर-खाली

भूगोलाच्या बाई जहाजावर आल्या तेव्हा त्यांना कुणी काम सांगेना. बाकी शंभरेक माणसांना आपापलं काम चोख ठाऊक होतं. कुणी समुद्रतळाला भोक पाडणारं यंत्र चालवत होतं, कुणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलं होतं, कुणी एवढ्या सगळ्यांसाठी भाजी चिरत होतं. बाईंचं काम कागदावर एका ओळीत मावलं होतं : दोन महिने जहाजावर राहून शाळांना हे संशोधन समजावून सांगणे. कसं सांगायचं, ते त्या ओळीत नव्हतं.

तेवीस वर्षं त्या सातवी-आठवीला भूगोल शिकवत होत्या. समुद्रतळाची आकृती त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढली होती की झोपेतही काढली असती. खरा समुद्र मात्र पाहिला होता तो किनाऱ्यावरून, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून. अर्ज भरला तोही शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी डिवचलं म्हणून. "अहो बाई, जन्मभर आकृतीच काढणार का? एकदा बघून तरी या ते खरंच तसं असतं का!"

पहिले चार दिवस बाईंनी काहीच बघितलं नाही. जहाज डोलत होतं आणि बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटात पाणीसुद्धा ठरेना. त्या चार दिवसांत त्यांच्याकडे बघितलं ते खोलीतल्या दुसऱ्या बाईने. ती गाळाची शास्त्रज्ञ होती, जहाजावरच्या प्रयोगशाळेची मुख्य. केस पांढरे, चाल झपाझप, नखांत कायम करडी माती. ती कोरडी बिस्किटं घेऊन यायची, कपाळाला हात लावून बघायची.

"मॅडम, तुम्हाला उगाच त्रास," बाई म्हणाल्या.

"मॅडम काय? एका खोलीत झोपतो आपण. ताई म्हण. आणि ते अहो-जाहो दाराबाहेर ठेवून ये."

पाचव्या दिवशी बाई उठल्या आणि ताईने त्यांना अख्खं जहाज फिरवून दाखवलं. मधोमध उंच मनोरा. त्याच्या खाली जहाजाच्या पोटातच एक मोठं भोक, त्यातून पोलादी नळ एकाला एक जोडत तीन किलोमीटर खाली सोडलेला. तळाशी पोचला की तो गाळात शिरायचा आणि आतून मातीचा लांब दंडगोल कापून वर आणायचा. त्याला सगळे कोअर म्हणत. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत भरलेला, साडेनऊ मीटर लांब.

"हे बघ," ताई म्हणाली, "वरची माती कालची, खालची लाखो वर्षांपूर्वीची. एकावर एक बसत गेलेली. म्हणून इथे एकच गोष्ट जिवापाड जपायची. वर काय आणि खाली काय. नळीचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतो. वरच्या टोकाला निळं टोपण, खालच्या टोकाला पांढरं. हे एकदा चुकलं की सगळं मुसळ केरात."

बाईंना ते एका दमात कळलं, आणि जे आपल्याला कळलं ते पोरांना कळवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्याच आठवड्यापासून त्यांनी थेट वर्ग सुरू केले. टॅबलेट हातात धरून त्या डेकवर, प्रयोगशाळेत, यंत्रांच्या खोलीत हिंडायच्या आणि दूर कुठल्या कुठल्या शाळांतली मुलं भिंतीवरच्या पडद्यावर ते पाहायची. दिवसाला दोन शाळा, कधी तीन. ताई हातातलं काम टाकून कॅमेऱ्यापुढे यायची. मुलांशी बोलताना तिचा चेहरा फुलायचा. जेवणाच्या टेबलावर दोघी शेजारी बसायच्या. ताईच्या मातकट कपड्यांचा गठ्ठा बाई आपल्याबरोबर धुवायला टाकायच्या, आणि ताईचे लेख त्या साध्या भाषेत लिहून द्यायच्या.

"अकरा वर्षं या मोहिमेसाठी भांडलेय मी," ताईने एकदा सांगितलं होतं. "इथल्या गाळात काहीतरी आहे. ते नाही सापडलं, तर लोक म्हणतील, म्हातारीने उगाच जहाज फिरवलं."

बाईंची सख्खी बहीण लहानपणीच गेली होती. हे त्यांनी जहाजावर फक्त ताईला सांगितलं होतं.

एकतिसाव्या दिवशी बाईंच्या स्वतःच्या शाळेचा वर्ग होता. पलीकडे आठवी ब आणि पडद्याशेजारी चित्रकलेचे सर. पहिल्या बाकावर ती मुलगी, जिला सगळी शाळा वकील म्हणायची. बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या, आणि कशालाही "पण" जोडल्याशिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे. बाईंनी वर्षभर त्या "पण"ला तोंड दिलं होतं. जीवही होता त्यांचा तिच्यावर, आणि कधीकधी तिच्यामुळे डोकंही उठायचं.

कर्ण्यावरून आवाज आला, "कोअर वर आला!" सगळे डेककडे धावले. बाईंनी टॅबलेट उंच धरला. नळी आडव्या रॅकवर ठेवली गेली, करवतीने तुकडे झाले. टोपणं लावणारा तंत्रज्ञ एका हातात टोपणं आणि दुसऱ्या हातात डिंकाचा ब्रश घेऊन रांगेने पुढे सरकत होता. चौथ्या तुकड्यात एका टोकाशी करडा पट्टा दिसला आणि ताईचे डोळे चमकले.

"राख! ज्वालामुखीची राख! थांबा, मुलांना दाखवते." टोपणं लागायच्या आधीच तिने तो तुकडा उचलला, पट्टा कॅमेऱ्यासमोर येईल असा फिरवला, समजावून सांगितलं आणि परत रॅकवर ठेवला. तंत्रज्ञाने हाताजवळच्या टोकाला निळं टोपण बसवलं, पलीकडे पांढरं, आणि तो पुढे गेला.

टॅबलेटमधून बारीक आवाज आला. "पण बाई, निळं टोपण उलट्या टोकाला लागलं."

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताई वाकून तुकडा बघत होती. मग ती सरळ झाली आणि हसली. "अगं बाळ, पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं. आरशात दिसतं ना, तसं."

"पण बाई, मागच्या पाटीवरची अक्षरं तर..."

"पुरे," बाई म्हणाल्या. वेळ थोडा होता, अजून सहा मुलांचे प्रश्न बाकी होते आणि समोर ताई होती. "तीस वर्षं हेच काम करणाऱ्या बाई आहेत त्या. दर वेळी वाद घालायचा नसतो. बस खाली."

वर्ग हसला. कुणीतरी मागून "वकीलसाहेब हरले!" म्हणालं. मुलगी खाली बसली.

पाच दिवसांनी जहाजावर धावपळ उडाली. गाळाच्या कणांत चुंबकाचे बारीक दाणे असतात. ते तळाशी बसताना पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेने तोंड करून बसतात आणि मग लाखो वर्षं तसेच राहतात. चौथ्या तुकड्यातले दाणे वरच्या-खालच्या तुकड्यांच्या बरोब्बर उलट निघाले. पृथ्वीच्या चुंबकाने अगदी थोड्या काळासाठी कूस बदलली होती आणि कुणाला पत्ता नव्हता, असा त्याचा अर्थ होता. आचाऱ्याने केक केला. ताईने बाईंना सगळ्यांदेखत मिठी मारली. बाईंनी ती बातमी चाळीस शाळांना सांगितली. सांगताना त्यांना फार अभिमान वाटत होता.

मग शेजारीच दुसरं भोक पाडलं. पहिल्याची खातरजमा करायला ते नेहमीच पाडतात. त्यात तोच राखेचा थर मिळाला, पण दाणे कुठेच उलटलेले नव्हते. मोहिमेच्या प्रमुखांनी पहिल्या भोकाचा चौथा तुकडा पुन्हा काढायला लावला. राखेचे जाड दाणे आधी बुडतात, म्हणजे ते पट्ट्याच्या तळाशी हवेत. इथे ते वरच्या बाजूला होते. शोध कसला, तुकडाच डोक्यावर उभा होता.

बाईंना हे कळलं ते डेकच्या दारावर लावलेल्या नोटिशीतून : पुढील सूचनेपर्यंत कोअर हाताळण्याच्या जागी चित्रीकरण बंद. त्या विचारायला गेल्या, तर प्रमुखांनीच त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवलं. हळू बोलणारे गृहस्थ होते, दाढी कुरवाळण्याची सवय.

"बाई, तुम्हाला दोष द्यायचा म्हणून नाही बोलावलं. पण यापुढे तुकड्यांना हात लावू नका, एवढंच."

"मी? मी कुठल्या तुकड्याला हात लावला?"

त्यांनी समोरचा कागद सरकवला. खाली ताईची सही होती. 'थेट प्रक्षेपण चालू असताना शिक्षिकेने टोपणे लागण्यापूर्वी चौथा तुकडा कॅमेऱ्यासाठी उचलला. मी तिला हटकले होते. गर्दीत परत ठेवताना तो फिरला असावा.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. अक्षर ओळखीचं होतं. त्याच अक्षरात त्यांच्या उशाशी चिठ्ठी असायची, 'नाश्ता झाकून ठेवलाय, खाऊन घे.'

"हे खरं नाही," त्या म्हणाल्या.

"असेलही. त्या गडबडीत कुणाला काय आठवणार? तंत्रज्ञाला तर टोपणांपलीकडे काही दिसत नाही," प्रमुख म्हणाले. त्यांना विषय संपवायचा होता.

बाई तिथून निघाल्या त्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. प्रत्येक थेट वर्गाचं चित्रीकरण टॅबलेटमध्ये साठवलेलं होतं. एकतिसाव्या दिवसाचं त्यांनी लावलं. ताईचे हात तुकडा उचलतात, फिरवतात, परत ठेवतात. मागे भिंतीवर 'धूम्रपान मनाई'ची पाटी, अक्षरं सरळ. पडद्यावर काहीच उलटं दिसत नव्हतं. पोरगी तेच तर सांगत होती. मग बाईंना ते दिसलं जे त्या दिवशी दिसलं नव्हतं. मुलीने विचारल्यावर ताई वाकते. तुकड्याकडे बघते. तिचा हात निळ्या टोपणापर्यंत जातो आणि तिथेच थबकतो, दोन क्षण, तीन क्षण. मग हात मागे येतो आणि ताई हसते.

त्यावर लगेच बाईंचा स्वतःचा आवाज होता. 'दर वेळी वाद घालायचा नसतो.'

त्यांनी कान झाकून घेतले, पण ऐकून झालं होतं.

खोलीत ताई पलंगावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. बाईंनी टॅबलेट तिच्यासमोर धरला. ताईने बघितलं, शेवटपर्यंत. नाड्या तशाच राहिल्या.

"तुला तेव्हाच कळलं होतं," बाई म्हणाल्या.

"शंका आली होती. नक्की नव्हतं. एवढे लोक बघत होते, तुझी ती शाळा बघत होती. म्हटलं, मागाहून तपासून घेईन."

"आणि तपासलं नाहीस."

"दाणे उलटे निघाले गं! अकरा वर्षं ज्याची वाट बघितली, ते हातात आलं. मग मला राख बघायची इच्छाच होईना. वाटलं, नको."

"ते मी समजू शकते. पण माझं नाव?"

ताईने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाज असेल असं बाईंना वाटलं होतं. तिथे थकवा होता आणि थोडी चीडही. "तू परत शाळेत जाणार. तिथे तुला हार घालतील. या तुकड्याचं तिथे कुणाला सोयरसुतक? माझी मात्र पुढची मोहीम याच्यावर उभी आहे. तुझं काय जातंय यात?"

"विचारलं असतंस तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. "मी कदाचित हो सुद्धा म्हटलं असतं. एवढी वेडी होते मी तुझ्यापायी."

ताईने नाड्या बांधल्या आणि ती कामावर गेली. गोडीगुलाबीने असा केसाने गळा कापता येतो, हे बाईंना वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्यांनी ते चित्रीकरण प्रमुखांना दाखवलं. प्रमुखांनी दोनदा पाहिलं, बराच वेळ दाढी कुरवाळली.

"तुमचं खरं आहे, बाई. पण आता तुकडा सरळ झालाय, नोंदी सुधारल्यात. बारा दिवस उरलेत. चार दिशांची माणसं एका जहाजावर आहेत. मी अहवालात एवढंच लिहीन, हाताळताना चूक झाली. कुणाचंच नाव नको. चालेल?"

"आणि तो कागद?"

"तो रद्द समजा."

बाईंनी एकच मागणं केलं. आपल्या वर्गाशी आणखी एकदा बोलायचं. प्रमुखांनी परवानगी दिली, भोजनगृहातून, आणि ताईचं नाव न घेण्याच्या अटीवर.

त्या दिवशी बाईंनी केस नीट विंचरले, टॅबलेट मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. पडद्यावर आठवी ब आली. चित्रकलेचे सर हात हलवत होते. पहिल्या बाकावर ती मुलगी नव्हती, ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

"तुमच्यातल्या एकीने मला त्या दिवशी सांगितलं होतं की टोपण उलटं लागलंय," बाईंनी थेट सुरुवात केली. "तिचं बरोबर होतं. इथे जहाजावर पन्नास डोळे होते, पण बरोबर तिनेच बघितलं. मी तिला सगळ्यांसमोर गप्प बसवलं. मी चुकले. आणि तुम्ही जे हसलात, तेही माझ्यामुळे."

सर मुलीकडे बघत होते. ती हळूच उभी राहिली.

"बाई, तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

"नाही. मी बघितलंच नाही. मी... त्यांच्यावर विश्वास ठेवला."

मुलगी थोडा वेळ बाकावरची रेघ नखाने खरवडत राहिली. "माझ्यावर नव्हता?"

या प्रश्नाला एखादं गोड उत्तर देऊन वेळ मारून नेता आली असती. बाईंच्या ओठांवर दोन-तीन येऊनही गेली. 'तसं नाही गं', 'गडबड होती', 'आवाज नीट येत नव्हता'.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "वर्षभर तू माझ्यासमोर बसतेस आणि त्यांना मी महिनाभर ओळखत होते. तरी नव्हता."

मुलीने मान हलवली, म्हणजे कळलं. ती खाली बसली. मग सरांनी गडबडीने दुसऱ्या एका मुलाला जहाजावर काय जेवता, असं विचारायला लावलं आणि बाईंनी त्याला भोजनगृह फिरवून दाखवलं.

उरलेले दिवस दोघी एकाच खोलीत राहिल्या. दुसरी खोली रिकामी नव्हती. ताईने दोनदा बिस्किटं आणून ठेवली. बाईंनी ती भोजनगृहात परत नेऊन ठेवली. बंदरात उतरताना ताई जिन्याजवळ उभी होती. "मनात ठेवू नकोस," म्हणाली. बाईंनी बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि खाली उतरल्या.

शाळेत खरंच हार घातले. मुख्याध्यापकांनी सभा घेतली. बाई सगळ्या शाळेसमोर बोलल्या, आणि त्यात त्यांनी त्या मुलीची गोष्टही सांगितली, तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. सभा संपल्यावर मुलगी त्यांच्याकडे आली. "बाई, परत परत नका सांगू. सगळे मला आता टोपण म्हणतात." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी तो विषय वर्गात काढला नाही. मुलगी अभ्यास करायची, गृहपाठ वेळेवर द्यायची, विचारलं तर उत्तर द्यायची. स्वतःहून मात्र तिने भूगोलाच्या तासाला काही विचारलं नाही. गणिताचे सर शिक्षक-खोलीत तक्रार करायचे, की ही पोरगी तास पुढे जाऊ देत नाही. बाई ऐकून घ्यायच्या आणि त्यांना त्या सरांचा हेवा वाटायचा.

सात महिन्यांनी अहवाल आला. जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. बाईंनी शिक्षक-खोलीत उभ्या उभ्याच चौथ्या तुकड्याचं पान शोधलं. तळाशी बारीक अक्षरांत टीप होती. 'पहिल्या छिद्रातील एक तुकडा शैक्षणिक प्रक्षेपणाच्या वेळी हाताळणीत उलटला होता. नोंद नंतर दुरुस्त करण्यात आली.' नाव कुणाचंच नव्हतं. प्रमुखांनी शब्द पाळला होता, म्हणायचं तर. पण त्या जहाजावर प्रक्षेपण करणारं माणूस एकच होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. मधल्या सुट्टीत, बाई डबा उघडत असताना. आवाज तोच, मोकळा.

"बाई! पुढच्या वर्षीच्या मोहिमेची प्रमुख मी आहे. आणि शाळांसाठी मला तूच हवीस. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मी शब्द टाकलाय, तू फक्त हो म्हण."

"अहवाल वाचलास?" बाईंनी विचारलं.

"हो, छान झालाय."

"ते प्रक्षेपणाच्या वेळी, असं कुणी घातलं?"

"अगं, मसुदा माझ्याकडे आला होता. काहीतरी कारण द्यायला लागतंच ना. एवढं काय? कोण वाचतं ती तळटीप?"

"मी वाचली," बाई म्हणाल्या.

"बाई, ऐक तर..."

"नको, ताई. दुसरं कुणी बघ. आणि ज्या कुणाला नेशील, तिला पहिल्याच दिवशी सांग की चूक झाली तर तू काय करतेस."

फोन ठेवल्यावर त्यांनी डबा खाल्ला, पूर्ण. चित्रकलेच्या सरांनी कुणाचा फोन म्हणून विचारलं. जहाजावरच्या एका ओळखीच्या बाई, त्या म्हणाल्या. घंटा झाली. पाचवा तास सातवीवर होता, नद्यांचा धडा. बाईंनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि त्या वर्गाकडे निघाल्या.